ताईच्या डिकीतलं खोकं

"मावेल!"

या एका शब्दावर त्याने उभं आयुष्य काढलं. गाडीवाला यायचा, डिकी उघडायचा आणि तोंड आंबट करून म्हणायचा, "काका, आमची डिकी म्हणजे कसली हो, दप्तर ठेवलं तर डबा मांडीवर घ्यावा लागतो. हिच्यात वूफर बसणार कुठे?" तोवर काका कमरेची मीटरटेप सर्रकन ओढून डिकीत अर्धा गडप झालेला असायचा. बाहेर फक्त दोन पाय. मग विहिरीच्या तळातून यावा तसा आतून आवाज यायचा, "मावेल!"

म्हणून तो मावेलकाका. खरं नाव विचारलं तर त्याच्या बायकोलाही आधी "थांबा हं" म्हणावं लागायचं.

काम एकच. गाडीच्या डिकीत बेसचा मोठा स्पीकर, म्हणजे वूफर, बसवायचा आणि त्यासाठी लाकडी खोकं बांधायचं. डिकी वाकडी असेल तर खोकं वाकडं, चाकाचा उंचवटा मध्ये आला तर खोक्याला तिथे खळगी. लोक काय काय मागायचे! कोवळ्या मिशांचा एखादा पोरगा यायचा, "काका, असा बेस पाहिजे, पुढच्या गाडीवाल्याचा चष्मा घसरला पाहिजे." त्याच्या मागोमाग कुणाचा तरी बाप, घसा खाकरत, "मला स्वतःला काही आवड नाही हो, मुलाची हौस..." आणि चाचणीच्या वेळी हाच बाप डोळे मिटून मान हलवायचा, "अजून थोडा वाढवता येईल का? मुलासाठी म्हणतो."

काकाचं दुकान म्हणजे गाड्यांच्या सामानाच्या गल्लीतली एक लांबोडकी खोली. मध्ये फळ्यांची भिंत आणि पलीकडे सीटची कव्हरं शिवणारी मावशी. इकडे काकाने वूफर लावला की तिकडे मावशीची रिळं टेबलावर नाचायला लागायची.

"अहो मावेलकाका! शिवण सरळ जाते माझी, हे बघवत नाही का तुम्हाला? हे बघा, समुद्राच्या लाटा झाल्यात कव्हरावर!"

"राहू द्या मावशी, लाटांची फॅशन येईल."

"तुमच्या मयतालाच येईल!"

असं दिवसभर चालायचं. दोघांपैकी एक जण सुट्टीवर असला की दुसऱ्याला करमायचं नाही.

काकाची एक पद्धत होती. थेट लाकडाला तो कधीच हात लावायचा नाही. आधी पुठ्ठ्याचं खोकं. अगदी त्याच मापाचं, चिकटपट्टीने बांधलेलं. ते डिकीत ठेवायचा आणि म्हणायचा, "घेऊन जा. आठवडाभर याच्याबरोबर संसार करून बघा. भांडण झालं नाही तर लाकडाशी लग्न लावून देतो." बरीचशी लग्नं मोडायची. कुणाची बाळाची ढकलगाडी बसायची नाही, कुणाची शिडी. एक बाई तर स्वतः ते खोकं घेऊन आल्या, काकाच्या पुढ्यात आपटलं आणि मागे उभ्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "घरात एक ढोल आहे. पुरे." काकाने निमूट खोकं परत घेतलं. पुठ्ठा फाटला तर वाईट वाटत नाही, असं त्याचं म्हणणं.

हे आवाजाचं वेड लहानपणापासूनचं. घरात रिकामं डबडं दिसलं की हा बडवायला बसायचा. आणि खिडकीशी अभ्यास करणारी ताई, त्याची थोरली बहीण, मान न वळवता ओरडायची, "डबड्या, आवाज कमी कर!" दिवसातून इतक्या वेळा, की शेजारच्या बिऱ्हाडातला पोपटही तेच म्हणायला लागला होता.

हीच ताई पुढे ग्रंथपाल झाली. दुसरं काय होणार? ती नुसतं बोट वर करायची आणि वाचनालयातला पंखासुद्धा दबकून फिरायचा. ती एका टोकाची, हा दुसऱ्या टोकाचा. दुकानावर आली की उंबऱ्यातच उभी राहायची, दोन्ही कानांत बोटं घालून. "लोकांना बहिरं करायचं दुकान काढलंयस तू, डबड्या!" काका हसण्यावारी न्यायचा, पण ते त्याला लागायचं. अख्ख्या गल्लीने पाठ थोपटली तरी काय. ताईने एकदा, फक्त एकदा, आत येऊन बसावं, एवढंच त्याला हवं होतं.

आणि मग गेल्या काही वर्षांत ती खरंच बसायला लागली! पहिल्यांदा बसली तेव्हा काकाच्या हातातला पटाशीचा घाव चुकला. इकडे करवत किंचाळतेय, तिकडे कुणाच्या तरी गाडीत चाचणी चाललीय, आणि ताई बाकावर पाय जुळवून शांतपणे पुस्तक वाचतेय. कानात बोटं नाहीत. कपाळाला आठी नाही. काका त्या दिवशी घरी तरंगतच गेला. बायकोला म्हणाला, "ताईने मान्य केलं गं माझं काम. शेवटी केलंच."

"वय झालं की माणसाला सगळं चालतं," बायको म्हणाली. पण काकाचं विमान खाली उतरलं नाही.

ताई निवृत्त झाली आणि तिने एक छोटी जुनी गाडी घेतली. ज्यांना वाचनालयाच्या पायऱ्या चढवत नाहीत अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना ती घरपोच पुस्तकं द्यायला लागली. डिकीत पुस्तकांचे क्रेट, काठोकाठ. घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा, पाय अधू झालेल्या एक शिक्षिका, टेकडीवरच्या रस्त्याचे तर पाच-सहा जण. ते सगळे तिची गाडी वळणावर दिसेपर्यंत खिडकी सोडायचे नाहीत.

अशात एका सकाळी ती गाडी काकाच्या दुकानासमोर थांबली. ताई उतरली, सरळ आत आली आणि म्हणाली,

"मला वूफर बसवून दे."

काका हसला. "कुणाच्या गाडीत?"

"माझ्या."

पलीकडे मावशीचं मशीन थांबलं. ते जेवायच्या सुट्टीतसुद्धा थांबत नाही. फळ्यांच्या फटीत मावशीचा एक डोळा आला.

"ताई, बरं वाटत नाहीये का तुला?"

"मला छान वाटतंय. बसवून देणार आहेस की दुसरीकडे जाऊ?"

दुसरीकडे! काका धावतच बाहेर गेला. डिकी उघडली आणि त्याचं तोंडही उघडंच राहिलं. आत बोट शिरायला जागा नव्हती.

"आणि ही पुस्तकं?"

"राहणार. एकही कमी होणार नाही."

"आणि वूफर?"

"तोही." ताई त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, परीक्षेत बाई बघतात तशी. "मावेल ना?"

असा प्रश्न ताईने विचारावा! काकाने क्रेट उतरवले, नव्या रीतीने एकावर एक रचले, उभे-आडवे करून बघितले. अखेर डाव्या कोपऱ्यात जागा निघाली. तो आत शिरला आणि मापं घेता घेता आतूनच बजावायला लागला, "हे बघ ताई, आता इथे पुठ्ठ्याचं खोकं ठेवतो, पण त्यात काही ठेवायचं नाही हं! ती जागा वूफरची. रिकामंच राहू दे. कळलं ना?"

बाहेरून ताई म्हणाली, "हो, हो, तू कर तुझं."

"मावेल!" काका आतून गरजला. आयुष्यात म्हटला नसेल एवढ्या जोरात.

आठवड्याने ताई आली ती हसतच. "डबड्या, फार सोयीचं आहे रे ते खोकं. अगदी उपयोगी. आता लाकडाचं कर, लवकर."

काकाला भरून आलं. पुठ्ठ्याच्या खोक्याला आजवर कुणी उपयोगी म्हटलं नव्हतं. त्याने डिकीत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. ताईने सांगितलं म्हणजे झालं. मग त्याने ते खोकं असं बांधलं, की गल्लीतले लोक येऊन हात फिरवून जायचे. कडा गोल, सांधे घट्ट. आतून अस्तर, बाहेरून पुस्तकाच्या बांधणीला असतं तसं गडद लाल कापड. मावशीने शिवून दिलं ते, आणि वर "माझ्या लाटांची भरपाई म्हणून तुमच्याकडून एक चहा" असा दंडही लावला.

बसवायचा दिवस उजाडला. काका हात पुसत बाहेर आला. "चल, आता पुठ्ठ्याला निरोप." म्हणून त्याने डिकीतलं पुठ्ठ्याचं खोकं दोन्ही हातांनी धरून उचललं आणि...

खोकं हललं नाही.

त्याने जोर लावला. तळाची चिकटपट्टी टर्रकन फाटली आणि धबाधबा पुस्तकं रस्त्यावर कोसळली. जाडी, बारकी, बांधणी केलेली, कानकोपरे दुमडलेली. एक थेट काकाच्या अंगठ्यावर.

"ताई! हे काय?"

"पुस्तकं."

"ती दिसतायत मला! पण खोक्यात का?"

"मग खोकं कशासाठी असतं?" ताई त्याच्यापेक्षा जास्त चकित. "टेकडीवरच्या लोकांची सगळी त्यातच तर बसवली मी. आयती जागा झाली. तुला सांगितलं ना, फार सोयीचं आहे म्हणून."

फळ्यांमागे मावशी हसून हसून मशीनवर कोसळल्याचा आवाज आला.

काकाने अंगठा चोळला. त्याने लाकडी खोकं आणून त्या जागेत सरकवलं. दाढेसारखं बसलं, केसभर इकडे नाही, तिकडे नाही. ताईने वाकून बघितलं, चारी बाजूंनी हात फिरवला आणि विचारलं,

"सुंदर झालंय रे. याचं झाकण कुठाय?"

"झाकण? ताई, याला झाकण नसतं!"

"मग पुस्तकं कुठून घालायची?"

"पुस्तकं घालायचीच नसतात! आत हवा असते!"

"हवा?" ताई एक पाऊल मागे सरकली. "एवढ्या मोठ्या खोक्यात नुसती हवा? माझ्या गाडीत? टेकडीवरचे लोक काय हवा वाचतील?"

"हवाच तर वाजते, ताई! मी तुला सांगितलं होतं, यात काही ठेवू नको!"

"कधी?"

"अगं, माप घेत होतो तेव्हा! आतून! तू हो म्हणालीस!"

ताई गप्प झाली. एकदम, दिवा विझवावा तशी. वळली आणि खाली वाकून पुस्तकं गोळा करायला लागली.

काकाला वाटलं, दुखावली. त्याचा आवाज मऊ झाला. तिच्या पाठीमागून तो म्हणाला, "ताई, जाऊ दे ना. वूफरचा नाद सोड. तुला काय करायचाय तो? तू तर आवाजाची वैरी." उत्तर नाही. "ताई, रागावलीस?" उत्तर नाही. ती पानांवरची धूळ फुंकत होती. "ताई!"

"अहो ताई!" फळीमागून मावशीही ओरडली. मावशी ओरडली की गल्लीच्या टोकाचा टायरवाला "काय झालं?" म्हणून विचारतो. त्याने विचारलंही. ताईची मान हलली नाही.

काका डिकीजवळ गेला. मग त्याने शेजारी पडलेली लाकडी हातोडी उचलली आणि रिकाम्या खोक्यावर एक दणका घातला. धम्म!

ताई तडक वळली. तिचा एक तळवा डिकीच्या काठावर टेकलेला होता. त्या तळव्याकडेच ती बघत होती.

गल्लीत ट्रकचे हॉर्न, कुणाचं ग्राइंडर, सगळं चालूच होतं. पण काकाला वाटलं, कुणीतरी सगळ्याचं बटण बंद केलंय. डोक्यात एकेक गोष्ट उलटी फिरायला लागली. ती कायम तोंडाकडे टक लावून बघायची. फोन कधी करायची नाही, नेहमी लिहूनच पाठवायची. अलीकडे मोठ्याने बोलायची. याला वाटायचं करवतीमुळे.

तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "कधीपासून?"

ताईने त्याच्या ओठांकडे पाहिलं, मग नजर बाजूला वळवली. "झाली काही वर्षं. हळूहळू गेलं. आधी पक्षी गेले, मग माणसं."

"काही वर्षं! आणि कुणाला कळलं नाही?"

"वाचनालयात कुणाला कळणार? तिथे सगळे गप्पच असतात."

मावशी हसायला गेली आणि तिने पदर तोंडाला लावला.

"डॉक्टरांना दाखवलं," ताई म्हणाली. "कानात घालायचं यंत्र आणलं. त्याने नुसती खरखर वाढते, शब्द काही येत नाही. गाडी चालवायला डोळे आहेत, आरसे आहेत. सांगून काय करायचं होतं? सगळे येऊन माझ्या कानात ओरडले असते."

"म्हणजे तू इथे बाकावर बसून वाचायचीस ते..." हे विचारायचं नव्हतं काकाला, पण विचारलं. "मला वाटलं, तुला चालायला लागलं माझं काम."

ताईला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तिने कपाळावर हात मारला. "अरे देवा! आणि मला वाटलं, तू आवाज कमी केलास! म्हटलं, जन्मभर सांगितलं, शेवटी ऐकलं पोराने!"

दोघं एकमेकांकडे बघतच राहिली. इतकी वर्षं हा तिला जिंकल्याच्या आनंदात आणि ती याला. कोणीच कुणाचं ऐकलेलं नव्हतं.

"मग वूफर कशाला?" काकाने सावकाश, ओठ मोठे करून विचारलं.

"एकदा इथे बसले होते. बाहेर एक लाल गाडी होती, तू तिच्यात काहीतरी लावलंस. आणि बाकातून माझ्या पाठीत काहीतरी चढलं. ठेका होता रे! मी ओळखलं ते गाणं. आईच्या रेडिओवर लागायचं, तू डब्यावर वाजवायचास आणि मी ओरडायचे ते. इतक्या वर्षांनी एक गाणं..." ती थांबली. "दिवसभर गाडीत एकटी असते. म्हटलं, तेवढं एक सोबतीला असावं. पण पुस्तकं कमी करणार नाही. ते लोक खिडकीत बसून असतात."

काका डिकीसमोर उभा राहिला. टेप काढली. इकडून मोजलं, तिकडून मोजलं. रस्त्यावरच्या पुस्तकांकडे बघितलं. खोकं छोटं केलं तर वाजणार नाही. मोठं ठेवलं तर टेकडीवरचे लोक उपाशी. तो डिकीतून बाहेर आला, ताईच्या समोर तोंड नेलं आणि म्हणाला,

"नाही मावत, ताई."

मावशीने सुई बोटात खुपसून घेतली. टायरवाला हातातला पाना तसाच धरून उभा. हे वाक्य त्या गल्लीत कुणी ऐकलेलं नव्हतं.

ताईने मान डोलावली. "बरं," म्हणाली, आणि पुस्तकं क्रेटच्या वर रचायला लागली.

काकाला ते बघवेना. कुठेतरी जायचं म्हणून तो जाऊन चालकाच्या सीटवर बसला. तिथून आरशात त्याला ताईचा तळवा दिसला, अजूनही डिकीच्या काठावर. आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो ताडकन सीटखाली हात घालून चाचपडायला लागला.

"मावशी!" तो ओरडला. "डिकीत कोण बसतं?"

"कोण बसणार? पुस्तकं!"

"मग पुस्तकांना कशाला बेस? बसते ती इथे!"

सीटखाली बसणारे चपटे वूफर बाजारात असतात. काका जन्मभर त्यांना ताटल्या म्हणून हिणवत आला. "ताटलीतून काय वाजणार, चमचा?" असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचा. कानाला मोठा आवाज हवा असेल तर ते खरंही होतं. पण इथे कानाचा संबंधच नव्हता. पाठीला हवं होतं.

त्याने पुन्हा पुठ्ठा कापला. चपटं खोकं, सीट मागेपुढे सरकली तरी अडणार नाही असं. बसवलं, ताईला समोर उभं केलं, आणि तिच्या डोळ्यांसमोर बोट नाचवत म्हणाला, "यात. काही. ठेवायचं. नाही."

"रुमालसुद्धा नाही?"

"रुमालसुद्धा नाही!"

ते लाल कापडाचं मोठं खोकं वाया गेलं नाही. काकाने त्याला वरून कापून बिजागरीचं झाकण लावलं आणि टेकडीवरच्यांची पुस्तकं त्यात गेली. वूफरसाठी पुढे गोल भोक पाडलं होतं, त्यातून आता पुस्तकांच्या पाठी दिसतात. ताई म्हणते, एवढं देखणं कपाट वाचनालयातसुद्धा नव्हतं.

मग चपटा वूफर बसला. काका शेजारच्या सीटवर. आईच्या रेडिओवरचं तेच गाणं त्याने शोधून आणलं होतं. बटण दाबलं. ताई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसली होती, दाताच्या डॉक्टरकडे बसतात तशी. मग तिची पाठ हळूच सीटला टेकली. उजव्या हाताचं एक बोट उचललं गेलं आणि ठेक्यावर पडलं. पुन्हा पडलं. एकदाही चुकलं नाही.

"वाढव," ताई म्हणाली.

लहानपणापासून हा शब्द तिच्या तोंडून यावा म्हणून काकाने कान टवकारले होते. आज आला, तर त्याला तो नकोसा वाटला. त्याला वाटलं, हिने मान न वळवता एकदा ओरडावं, डबड्या, आवाज कमी कर. फक्त एकदा. पण त्याने वाढवला.

फळ्यांमागे रिळं नाचायला लागली. मावशी कमरेवर हात ठेवून बाहेर आली, "अहो मावेलका..." म्हणेपर्यंत तिला गाडीत कोण बसलंय ते दिसलं. ती तशीच मागे वळली आणि कव्हरावर लाटा शिवायला बसली.

काकाचे डोळे भरून आले होते. त्याने ताईच्या खांद्याला हात लावला. ती वळली. गाण्याच्या दणदणाटात, गळ्याच्या शिरा फुगवून, तोंड एवढं मोठं उघडून तो बोंबलला, "ताई! येतंय का नीट?"

ताईच्या कपाळाला ती जुनी आठी पडली.

"डबड्या, ओरडतोस कशाला?" ती म्हणाली. "दिसतंय मला."